जिनिंगची भिंत

७ डिसेंबर, शनिवार

उत्तमरावांनी आज शाळा सुटल्या सुटल्या गाडीत बसवून नेलं. "पुष्पांजलीताई, तुमच्यासाठी एक भिंत पाहून ठेवली," म्हणाले. ढब अशी की जणू माझ्यासाठी स्थळच पाहिलंय.

भिंत त्यांच्या बंद पडलेल्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या आवारातली. तिथल्या गोदामात दोन वर्षांपूर्वी त्यांनी संग्रहालय काढलं. तिफणी, जाती, कापसाचे वजनकाटे, तिथलंच जुनं यंत्र. बघायला येतं कोण? पाहुणे आले की स्वतः कुलूप काढून दाखवतात. आता त्यांना वरून सांगणं आलंय की संग्रहालय गावातल्या सगळ्यांच्या भाषेत हवं आणि सगळ्या माध्यमांच्या मुलांना तिथे कला शिकायला मिळायला हवी, तरच मान्यता. म्हणून भिंत, आणि म्हणून मी, चित्रकलेची बाई. आमच्या मराठी हायस्कूलची मुलं आणि उर्दू शाळेच्या मुली मिळून चित्रं काढणार, खाली दोन्ही भाषांत ओळी. दर शनिवारी दुपारी गोदामात दोघांचा एकत्र वर्ग. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. असा वर्ग या गावात कधी झालेला नाही. मला मनातून भीती वाटली, पण तोंडाने "होऊन जाईल" म्हटलं.

उर्दू शाळेच्या चित्रकलेच्या बाई म्हणजे अलफिया. सव्वीस वर्षांची, अमरावतीला शिकलेली, हात फार सुरेख. मानधनावर आहे, दर वर्षी नवी ऑर्डर. हे काम नीट पार पडलं तर कायम करू, असं संस्थेचे सचिव जब्बारभाई तिला म्हणालेत. बिघडलं तर काय, ते कोणी बोललेलं नाही, पण तिला कळतं. घरात कमावणारी तीच. "मॅडम, तुमच्या हाताखाली शिकायले भेटते, हेच लय हाय," म्हणाली. पोरगी गुणाची वाटली.

१४ डिसेंबर, शनिवार

पहिला वर्ग. आमची मुलं एका सतरंजीवर, त्यांच्या मुली दुसऱ्या सतरंजीवर, मधून बैलगाडी जाईल एवढी जागा. मी उठवून एकाआड एक बसवलं. पहिली दहा मिनिटं कोणी श्वाससुद्धा घेतला नाही. मला हरकत नाही. माझ्या वर्गात मध्ये कोणी बोललेलं मला चालत नाही. शंका असतील त्या शेवटी, असा माझा नियम. शेवटी घंटा होते, ही गोष्ट वेगळी.

विषय ठरला. सत्याहत्तर सालची बाजारातली आग. जब्बारभाईंनाच बोलावलं होतं सांगायला. कापडाचं दुकान आहे त्यांचं, बोलण्यात गोडवा आहे. म्हणाले, "कापसाच्या गंजीले आग लागली. मी लहान होतो. तवा कुठी बंब अन् कुठी काय! उत्तमरावच्या अब्बाने ह्या जिनिंगची विहीर मोकळी केली. तेलाचे रिकामे पिपे, बादल्या, हंडे, ज्याच्या हाती जे आलं ते घेऊन सगळे दौडले. हिंदू कोण अन् मुसलमान कोण, कोणाले होश होता? मी बी एक पिपा उचलला होता, माह्याच पायावर सांडला." मुलं हसली. आगीत जुना, गवती छपरांचा बाजार पूर्ण गेला. मग सगळ्यांनी मिळून खांब रोवले, टिनपत्र्याचा नवा बाजार उभा केला आणि त्यात जब्बारभाईंच्या वडिलांना पहिल्यांदा पक्कं दुकान मिळालं. उर्दू पाटी लावलेलं. ती पाटी अजून आहे.

मी तिथेच पाच चित्रं ठरवली. एक, गवती छपरांचा बाजार आणि कापसाची गंजी. दोन, आग. तीन, पिपे ओतणारी माणसं. चार, खांब रोवणं. पाच, नवा बाजार, त्यात जब्बारभाईंच्या दुकानाची उर्दू पाटी. शेवट गोड. मीच मनातल्या मनात माझी पाठ थोपटली.

४ जानेवारी, शनिवार

आखणी झाली. भिंत आवाराच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सरळ जाते. तोंड भिंतीकडे करून उभं राहिलं की डाव्या हाताला पुढचं दार, सडकेवरचं, आमच्या शाळेकडे. उजव्या हाताला मागचं दार, मोमीनपुऱ्यात उघडणारं. उर्दू शाळा त्याला लागूनच, त्यामुळे त्यांच्या मुली तिकडूनच येतात. पहिलं चित्र पुढच्या दारापाशी, पाचवं मागच्या दारापाशी. म्हणजे मुलींना आत आल्या आल्या उर्दू पाटीचं दुकान दिसतं. अलफियाला म्हटलं, बघ, तुमच्या बाजूला तुमचं दुकान ठेवलं. तिला बरं वाटलं.

आकडे घालायचे का, असं उत्तमरावांनी विचारलं. चित्राला आकडे घालायचे तर ती चित्रं कसली? साफ नाही म्हटलं.

११ जानेवारी, शनिवार

रंग भरणं जोरात. उर्दू शाळेच्या मुलींनी पिपे झकास रंगवलेत, कडेला गंज चढलेला, वरचा पत्रा अर्धा कापून उघडलेला. माझ्या मुलांनी आग केलीय. आग बरी झालीय, पण लाल सगळीकडे सारखा नाही, मी ओरडले.

आज मुलं एकमेकांशी बोलायला लागलीत, तेही ब्रश हातात घेऊन. दोघींना चूप बसवलं.

जाताना अलफिया आली, "मॅडम, मागल्या दारानं जे येतील, त्यांले..." मी म्हटलं, त्या दारापाशी पाणी साचतं, मला माहीत आहे, उत्तमरावांना मुरूम टाकायला सांगितलंय. ती "जी" म्हणून गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अलफियाच्या घरून शिरखुर्मा आला. ईद नसताना! तिच्या आईने खास केला. मी तिळगूळ पाठवला. मन भरून आलं. हे सगळं या भिंतीमुळे, असं मी ज्ञानेश्वरांना म्हटलं. ते विहिरीवरची मोटार दुरुस्त करून आले होते, हाताला ग्रीस. "भिंतीनं तुह्या डोक्यात जागाच नाही ठेवली दुसऱ्या कशाले," म्हणाले. नवऱ्याला कशाचं कौतुक म्हणून नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आज ओळी लिहिल्या. मराठी मी, उर्दू अलफियाने. तिने प्रत्येक चित्राखाली तीन-तीन ओळी लिहून आणल्या होत्या. मी म्हटलं, भिंतीवर निबंध नको. मी मराठीत एक-दोन शब्द ठेवलेत, 'आग लागली', 'सगळे धावले', 'खांब', एवढंच. तूही तेवढंच ठेव. तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं आणि मानलं.

मग तिने मागच्या दाराकडून, म्हणजे पाचव्या चित्रापासून लिहायला घेतलं. मी म्हटलं, अगं, पहिल्यापासून घे ना! ती ब्रश हातात घेऊन भिंतीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एक बात होती." मी शिडीवर होते, खालून कोणीतरी रंग ओतत होतं, मी म्हटलं आधी काम, मग बाता. त्यानंतर तिने जे लिहिलं ते इतकं सुंदर लिहिलं की मी शिडीवरून उतरून पाहिलं.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या उद्घाटन. दिवसभर उभी. मंडप, फीत, हार, चहावाला. उत्तमरावांचे फोनवर फोन.

संध्याकाळी सगळे गेल्यावर अलफिया मागच्या दारापाशी एकटी उभी. "मॅडम, तुम्ही नाराज नाही होणार तर..." मी म्हटलं, अलफिया, आज नाही. आज माझं डोकं ठिकाणावर नाही, जे काय असेल ते सोमवारी. आणि उद्या मुलींना पांढऱ्या ओढण्या. ती "ठीक आहे मॅडम" म्हणाली आणि गेली नाही, थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी मंडपवाल्याकडे गेले. परत आले तेव्हा गेली होती. ही मुलगी हुशार आहे, पण वेळ बघून बोलायचं तिला कळत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झालं! आमदार नाही आले, पण बाकी सगळं उत्तम झालं. फीत पुढच्या दाराला. पाहुणे डावीकडून उजवीकडे चालत गेले आणि शेवटच्या चित्रापाशी टाळ्या वाजल्या. उत्तमरावांनी माझं नाव दोनदा घेतलं.

एक गोष्ट. मोमीनपुऱ्यातली मंडळी मागच्या दाराने आली. पुढे गर्दी होती म्हणून. ती भिंतीपाशी हळूहळू गप्प होत गेली. संकोच असेल, पहिलीच वेळ. जब्बारभाई आगीच्या चित्रापाशी बराच वेळ उभे राहिले, मग चहा न घेताच निघाले. मी हाक मारली, त्यांनी हात नुसता छातीला लावला. तब्येत बरी नसेल.

२७ जानेवारी, सोमवार



सकाळी सात वाजता ज्ञानेश्वरांनी मोबाइल दाखवला. कोणीतरी व्हिडिओ काढलाय. मागच्या दारातून आत येऊन भिंतीवरून मोबाइल फिरवलाय, आवाज नाही, फक्त वर हिंदीत लिहिलंय: देखो, इन्होंने हमारे बाज़ार के साथ क्या किया, और हमारी ही बच्चियों से बनवाया. दुपारपर्यंत मोताळ्यापर्यंत पोचला. संध्याकाळी सोनाळ्याहून माझ्या नणंदेचा फोन, तिलाही आलेला.

मला काही समजत नाही. आम्ही काय केलं? पाणी ओतून आग विझवली, खांब रोवले, दुकान उभं केलं. लोक आंधळे आहेत का? की ज्यांना भांडायचंच आहे त्यांना भिंतही पुरते? मी रागाने दिवसभर जेवले नाही. व्हिडिओ चार वेळा पाहिला. दर वेळी तेच, आमची चित्रं. वाईट काय आहे त्यात?

अलफियाचा फोन बंद.

२८ जानेवारी, मंगळवार

आवाराच्या पुढच्या दाराला कुलूप, बाहेर दोन पोलीस. मोमीनपुऱ्यात काल संध्याकाळी सभा झाली म्हणे. आमच्या बाजूची पोरंही चौकात जमली होती, "आमच्या पैशाच्या भिंतीवर उर्दू कायले" म्हणत. आजवर हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. आता दोन्हीकडून आलं.

उत्तमराव म्हणाले, "ताई, परवा बैठक. मी चुना मागवून ठेवला. सगळी भिंत नाही, नुसत्या उर्दू ओळी पुसू अन् म्हणू की त्यांच्या बाईनं काहीतरी भलतं लिहिलं. मॅटर मिटते. शनिवारचा वर्ग बी बंद." मी म्हटलं, तिने तर माझेच शब्द उर्दूत लिहिलेत. ते म्हणाले, "उर्दू वाचता येते का कोणाले आपल्यात?"

मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण बसले. क्षणभर मला वाटून गेलं की बरं झालं, आपल्यावर नाही आलं.

२९ जानेवारी, बुधवार

मला माझे पॅलेट-चाकू हवे होते. पुढच्या दाराला पोलीस, म्हणून मी मोमीनपुऱ्यातून वळसा घेऊन मागच्या दाराने गेले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. इतके दिवस मी रोज सडकेकडूनच आले.

दार ढकललं. समोर नवा बाजार, उर्दू पाटीचं दुकान, सगळं झकास. दोन पावलं पुढे गेले. माणसं खांबांना लटकलीत, ओढतायत. रोवतायत असं मी काढलं होतं. पण आधी भरलेला बाजार पाहून आल्यावर ती रोवत नव्हती, पाडत होती. पुढे, माणसं दुकानांवर तेलाचे पिपे ओतत होती. पुढे आग. आणि शेवटी, पुढच्या दारापाशी, एक बाजार ज्यात कापूस आहे, बैलगाड्या आहेत, आणि उर्दू पाटी कुठेही नाही.

मी तिथेच खाली बसले.

उजवीकडून वाचणाऱ्या माणसाला मी उजव्या दारातून आत घेतलं आणि त्याच्या मुलींकडून त्याचं दुकान जाळून घेतलं. आणि खाली दोन शब्दांची ओळ: 'सगळे धावले'.

३० जानेवारी, गुरुवार

बैठक झाली. गोदामात, तिफणींच्या मधोमध. आमच्याकडचे सात-आठ, त्यांच्याकडचे तेवढेच, एक फौजदार. कोपऱ्यात चुन्याची बादली भिजवून ठेवलेली. अलफिया तिच्या हेडमास्तरांच्या मागे बसलेली, मान खाली.

उत्तमराव बोलायला उठले, त्यांच्या आधी मी उठले. म्हटलं, कोणी काही बोलू नका, माझ्यासोबत चला. सगळ्यांना गल्लीतून वळसा घालून मागच्या दाराशी नेलं आणि म्हटलं, आता आत या, हळू चालत या. उत्तमराव पिप्यांच्या चित्रापाशी थांबले. "अरे बाप्पा," एवढंच म्हणाले. आमच्या चौकातली पोरंही गप्प झाली. मग सगळ्यांना फिरवून पुढच्या दाराने आणलं आणि तीच भिंत परत दाखवली. जब्बारभाईंचे डोळे भरले होते. म्हणाले, "मी सांगतलं होतं ते इकून हाय. तिकून जे हाय ते मी नव्हतं सांगतलं. मी चार रात्री विचार करून राह्यलो की ह्या बाईनं माह्यासोबत असं काऊन केलं."

मी हात जोडले. म्हटलं, चित्रांचा क्रम माझा, आकडे नको म्हणाले ती मी, ओळी छोट्या केल्या त्या मीच. कपट नव्हतं. आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

चुन्याची बादली तशीच परत गेली. भिंतीवर सध्या ताडपत्री टाकायची, नव्याने काढायचं, वर्ग चालू ठेवायचा, असं ठरलं. फौजदारांनी चहा घेतला. मी घरी येऊन रडले, पण हलकं वाटलं. एवढ्या लोकांत चूक कबूल करायला छाती लागते. ज्ञानेश्वरही म्हणाले, "मोठं काम केलं तू."

अलफियाने माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त. आभार मानायलाही ती संकोचते.

१ फेब्रुवारी, शनिवार

वर्गाला अलफिया नाही. मुलींना त्यांच्या दुसऱ्या बाई घेऊन आल्या. मुली माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्या बाईंकडून कळलं. संस्थेने अलफियाला या कामातून काढलं, मार्चनंतर तिला ऑर्डर नाही. कारण काय, तर मराठीवाल्या मॅडमना नाही समजलं तर समजू शकतो, पण तू उर्दूची असून तुला दिसलं नाही? मग तुला ठेवलं कशाला?

मी तावातावाने घरी आले. काय अन्याय आहे! दोघींच्या लक्षात आलं नाही तर दोघींची चूक, मग एकटीला शिक्षा का? जेवताना ज्ञानेश्वरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तिले खरंच दिसलं नव्हतं? सारी जिंदगी उजवीकून लिहिणारी पोरगी ते."

मी म्हटलं, दिसलं असतं तर बोलली नसती का?

त्यांनी भाकरी मोडली. "तुह्यासमोर?" म्हणाले.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच अलफियाच्या घरी गेले. आई पाणी देऊन आत गेली. घरात कोणी मला रागाने बोललं नाही, त्याने जास्त अवघडले.

मी विचारलं, तुला दिसलं होतं का?

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मॅडम, ओळी लिहायले हात ठेवला ना, तेव्हाच दिसलं. त्याच्या आधी बी शक होता, मागल्या दाराचं बोलली होती ना, तेव्हापासून. मी आली होती बोलायले. तुम्ही शिडीवर होत्या. मंग आदल्या दिवशी बी आली. तुम्ही म्हतलं सोमवारी. सोमवारी तर सगळं होऊनच गेलं."

मी म्हटलं, मग हात धरून खेचायचं होतं मला!

"तुमचा?" ती हसली. हसणं कसलं, रडणंच ते. "मॅडम, तुमच्यासमोर तुमच्या शाळेचे सर बी नाही बोलत."

मी म्हटलं, बैठकीत तरी सांगायचं, की मी सांगायला गेले होते. आज नोकरी राहिली असती.

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही सगळ्यांसमोर म्हतलं, दोघींच्या लक्षात नाही आलं. मंग मी काय म्हणू? उठून म्हणू का मॅडम झूठ बोलून राह्यल्या?"

मी खोटं बोलले नव्हते. मला तसंच वाटत होतं. पण तिच्या बाजूने ते खोटंच होतं, आणि माझ्या त्या हात जोडण्याच्या मोठेपणात तिची नोकरी गेली. तिथून बाहेर पडले तेव्हा गल्लीतली मुलं "मॅडम, मॅडम" करत सलाम करत होती. मला त्यांचे सलाम घेववेनात.

३ फेब्रुवारी, सोमवार

जब्बारभाईंच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले. त्यांनी गादीवर बसवलं, सरबत मागवलं. मी म्हटलं, भाई, मी त्या दिवशी अर्धंच सांगितलं. अलफियाला दिसलं होतं. ती मला सांगायला आली होती, एकदा नाही, तीनदा. मी तिला बोलूच दिलं नाही.

त्यांनी कापड मोजायचा गज खाली ठेवला. "तर मंग ते अडून काऊन नाही बसली? इतकी मोठी बात."

"माझ्यासमोर कोणी अडून बसत नाही, भाई. मी बसू देत नाही."

मला वाटलं आता म्हणतील झालं ते झालं. म्हणाले, "मॅडम, हे मले दुकानात सांगून काय फायदा? संस्थेत मी बोलून देतो, ऑर्डर निघते. पण शाळेत पोट्ट्या म्हणून राह्यल्या, आपली बाई अंधी हाय. ते कोण मिटवणार? जितं तिची इज्जत गेली, तितंच सांगा. पोट्ट्यांसमोर."

मोठ्या माणसांसमोर हात जोडणं वेगळं. माझ्या वर्गासमोर! जी मुलं मला पाहून पाय जुळवून उभी राहतात, त्यांच्यासमोर. मी म्हटलं, विचार करते. ते म्हणाले, "करा. शनिवारी मी येतो."

५ फेब्रुवारी, बुधवार

विचार करतेय. एकदा ही पोरं डोक्यावर बसली की उतरत नाहीत. शिस्त गेली की वर्ग गेला. अलफियाची ऑर्डर तर निघेलच, मग वर्गात सांगायची गरज काय? ज्ञानेश्वरांना विचारलं. ते मोटारीचं कॉइल भरत राहिले. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

गोदाम भरलेलं. जब्बारभाई दारात उभे, उत्तमरावही आले होते, कोणी बोलावलं कोण जाणे. अलफियाला तिच्या हेडमास्तरांनी सोबत आणलं होतं, ती मुलींच्या मागे भिंतीला टेकून. मी फळ्यापाशी उभी राहिले आणि लक्षात आलं की मला सुरुवातच करता येत नाहीये. मग म्हटलं, "भिंत चुकली ती माझ्यामुळे. अलफिया बाईंना ते आधीच दिसलं होतं. त्या मला सांगायला आल्या होत्या, तीन वेळा. मी त्यांना बोलू दिलं नाही. बैठकीत मी म्हणाले की दोघींनाही दिसलं नाही, ते खरं नव्हतं. आंधळी मी होते, त्या नव्हत्या." हेच पुन्हा हिंदीत म्हटलं, माझं हिंदी जसं आहे तसं. उर्दू शाळेच्या मुली मागे वळून त्यांच्या बाईंकडे बघायला लागल्या. अलफियाने तोंडावर ओढणी धरली.

मग म्हटलं, नव्या भिंतीची सुरुवात कुठून करायची ते अलफिया बाई ठरवतील, मी रंग कालवीन. उत्तमराव खाकरले.

गोदामात एकदम शांत. माझ्या वर्गात शांतता नेहमीच असते, पण ही तशी नव्हती. मला वाटलं आता घंटा झाली तर बरं.

तेवढ्यात आमच्या बाजूने एक हात वर झाला. माझ्या वर्गात मध्येच हात वर! दहावीतला प्रसेनजित. "खाली बस" माझ्या ओठांवर आलं होतं, सवयीने. गिळलं. म्हटलं, बोल.

तो उभा राहिला, कान लाल झालेले. "मॅडम, मले लाल अन् हिरवा एकसारखाच दिसते. लहानपणापासून. कोणता कोणता ते मले समजतच नाही."

आठवीपासून मी त्याच्या वहीवर 'निष्काळजी' लिहीत आलेय. लाल शाईने.

तो खाली बसला. तोवर मागच्या सतरंजीवर आणखी एक हात वर झाला.